विजेची गाडी आणि घरचा हिशेब

बाजारांतून एखादी मोठी वस्तु घरीं आणावयाची झाली म्हणजे ती दिसते कशी याचा विचार माणूस आधीं करतो, चालते कशी याचा मागाहून करतो, आणि ती आपल्या घरच्या उपयोगाची आहे कीं नाहीं हें त्याला शेवटचा हप्ता भरतांना कळूं लागतें. विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या बाबतींत हा उलटा क्रम विशेषच महाग पडतो. कारण तिच्या किंमतीचा मोठा भाग एकट्या बॅटरीचा असतो, आणि ती बॅटरी दुकानांत डोळ्यांना दिसत नाहीं. रंग दिसतो, दिवे दिसतात, बसावयाच्या जागा दिसतात. ज्या वस्तूवर पैसे मुख्यतः खर्च व्हावयाचे ती गाडीच्या पोटाखालीं लपलेली असते.

विजेची गाडी ही कांहीं आजची नवलाई नव्हे. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यांवर स्थिरावण्यापूर्वींच ती धांवत होती. १८९९ सालीं कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें विजेच्या गाडींत बसून ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटारगाडी होय. मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत तेथें ट्राम चालली. आज गोंदिया जंक्शनवरून हावड्याकडे व मुंबईकडे जाणाऱ्या आगगाड्याही विजेवरच धांवतात. परंतु ट्राम काय किंवा आगगाडी काय, ती आपली वीज डोक्यावरच्या तारेंतून घेत चालते. मोटारगाडीला मात्र आपली शिदोरी बरोबर बांधून न्यावी लागते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधलेली शिसें व आम्ल यांची बॅटरी ही त्या काळची मुख्य शिदोरी. ती जड फार आणि पुरे थोडी. म्हणून पहिल्या डावांत पेट्रोलनें बाजी मारली. १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली, थोड्या वजनांत अधिक वीज सांठवितां येऊं लागली, आणि विजेच्या गाडीचा दुसरा डाव सुरू झाला. तात्पर्य, मोटार पहिल्यापासून चांगलीच होती. अडत होतें तें बॅटरीपाशीं. म्हणून आजही गाडी निवडणें म्हणजे बहुतांशीं बॅटरी निवडणें होय.

उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. गोंदिया शहराशेजारच्या मुर्री येथील एक मध्यम स्थितीचें कुटुंब कल्पावें. गृहस्थ गोंदियास एका कचेरींत नोकरीस आहेत व स्कूटरवरून जातात. पत्नी शिक्षिका, तिची बदली नुकतीच तिरोड्याच्या बाजूस, सुमारे तीस किलोमीटरांवरील शाळेंत झाली आहे. घरांत वृद्ध आई आहे. तिला महिन्यांतून एकदां नागपुरास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. मुलगी बारावींत आहे. दाराशीं बारा वर्षांची एक लहान पेट्रोल गाडी उभी आहे. ती गृहस्थांच्या वडिलांनीं निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून घेतली होती. ते आतां हयात नाहींत. बदली झाल्यापासून शिक्षिकाबाई हीच गाडी घेऊन शाळेस जातात, आणि पेट्रोलचा खर्च घराला जाणवूं लागला आहे. बँकेंत आठ लाख रुपयांची ठेव आहे. पैकीं निम्मी मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूला ठेवलेली.

अशा घरांत विजेच्या गाडीचा विषय निघाला म्हणजे मतें तितकीं होतात जितकीं माणसें. गृहस्थांना मोठ्या बॅटरीची गाडी हवी, कारण नागपूर गांठावयाचें आहे. पत्नीला लहान गाडी पुरेशी वाटते, कारण रोजची वाट ठरलेली आहे. मुलगी म्हणते, "आजोबांची गाडी कां काढून टाकावयाची? तिचेंच इंजिन काढून ती विजेवर करून घ्या. ठेवींतले चार लाख त्याला पुरतील." आणि आई एवढेंच विचारते, "अपरात्रीं माझें दुखणें उठलें, तर ही गाडी मला पोंचवील कां रे?" चौघांचेंही म्हणणें खोटें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, चार लाखांच्या व थोड्या कर्जाच्या बळावर यांपैकीं किती गोष्टी साधतील?

प्रथम अंतराचा विचार करावा. एका भरणींत गाडी इतकीं किलोमीटर जाते असा जो आंकडा कंपन्या छापतात, तो खोटा नसतो; परंतु तो चांचणीचा असतो. वैशाखांतलें ऊन, थंड हवेचें यंत्र चालू, चार माणसें व सामान, पुढें मोकळा महामार्ग मिळाला म्हणजे वाढणारा वेग, यांचा हिशेब त्यांत पुरता येत नाहीं. म्हणून व्यवहारी माणसानें तीन पायऱ्यांनीं तो आंकडा उतरवावा. छापील आंकड्याचा दोन-तृतीयांश धरावा. त्यांतून पांचवा हिस्सा अडीअडचणीसाठीं राखून ठेवावा. आणि गाडी सात-आठ वर्षांची झाल्यावर बॅटरीची सांठवणशक्ति आणखी पांचव्या हिश्शानें घटेल असें समजून उरलेल्याचा पुन्हा चार-पंचमांश घ्यावा.

ही रीति प्रत्यक्ष गाड्यांना लावून पाहावी. टाटा मोटर्सची टियागो ही लहान गाडी २०२२ सालीं विजेवर आली, तेव्हां तिच्या १९.२ युनिटांच्या बॅटरीचा छापील पल्ला २५० किलोमीटर होता. त्याचे झाले १६७, राखीव सोडून १३३, आणि म्हातारपणीं १०७. त्याच कंपनीची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्यें आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची व पल्ला ३१२ किलोमीटर. त्याचे २०८, मग १६६, आणि शेवटीं १३३. पुढें २०२४ सालीं हीच गाडी ४५ युनिटांच्या बॅटरीसह मिळूं लागली. तिचा पल्ला ४८९ किलोमीटर. त्याचे ३२६, मग २६१, आणि शेवटीं २०९.

आतां मुर्रीकडे वळावें. तेथून नागपूर, तिरोडा-तुमसरच्या वाटेनें जा किंवा कोहमारा-साकोलीच्या वाटेनें जा, दीडशें किलोमीटरांहून अधिकच पडतें. म्हणजे लहान बॅटरी एका दमांत नागपूर गांठीत नाहीं. मधली नवी असतांना जेमतेम गांठते आणि वय झाल्यावर वाटेंत थांबते. मोठी मात्र म्हातारपणींही पोंचते. उलट शाळेची जाऊन-येऊन साठ किलोमीटरांची वाट लहान बॅटरीलाही शेवटपर्यंत सहज झेपते. वाटेंत बॅटरी भरतां येईल असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु तेथील चार्जर चालू असावा, मोकळा असावा, आणि आपल्या गाडीला जुळणारा असावा. निवांत प्रवासाला या तीन 'जर' चालतात. आजारी माणूस मागच्या बाजूस असतांना त्यांवर विसंबूं नये.

हा केवळ कागदी तर्क नव्हे. विदर्भाची राजधानी म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्या नागपुरांतच याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. मे २०१७ मध्यें ओला कंपनीनें तेथें सुमारे दोनशें विजेचीं वाहनें भाड्यानें चालविण्यास आरंभ केला. त्यांत महिंद्राच्या लहान विजेच्या गाड्यांचा मोठा भरणा होता. पुढील वर्षाच्या आरंभींच चालकांचीं गाऱ्हाणीं बाहेर आलीं. बॅटरी भरण्याच्या जागीं रांगेंत फार वेळ जातो, धंदा बुडतो, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि कांहींनीं डिझेलच्या गाडीकडे परत जाण्याची इच्छा दर्शविली. गाडी वाईट होती असा याचा अर्थ नव्हे. लहान बॅटरीची गाडी दिवसभर धांवणाऱ्या धंद्याला जुंपली गेली, एवढाच त्याचा बोध. तीच गाडी रात्रीं घरीं भरून दिवसा ठरलेल्या वाटेनें नेली असती, तर तक्रारीला जागा उरली नसती.

दुसरा विचार बॅटरीच्या जातीचा. लिथियमच्या बॅटऱ्यांत सध्यां दोन जाती मुख्य आहेत. एकींत निकेल, मँगेनीज व कोबाल्ट हे धातु असतात. दुसरींत लोह आणि फॉस्फेट. पहिली जात हलकी. तेवढ्याच वजनांत ती अधिक वीज बाळगते. दुसरी थोडी जड व मोठी, परंतु उष्णता अधिक सोसणारी, पेट घेण्याची भीति कमी असलेली, आणि भरण्या-रिकामी करण्याच्या अधिक फेऱ्या सहन करणारी. ही लोह-फॉस्फेटची युक्ति १९९७ सालीं टेक्सास विद्यापीठांतील जॉन गुडइनफ यांनीं पाधी व नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. गुडइनफ यांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक दोघां शास्त्रज्ञांसमवेत मिळालें. पूर्व विदर्भांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे झुकतो हें ध्यानांत घेतां, दुसरें कांहीं समान असल्यास, येथील कुटुंबानें लोह-फॉस्फेटला झुकतें माप द्यावें. तसेंच बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था कशी आहे, द्रवानें कीं नुसत्या हवेनें, हें विक्रेत्यास विचारावें.

बॅटरीला सर्वांत अधिक झिजविते ती उष्णता, आणि त्या खालोखाल काठोकाठ भरून दिवसेंदिवस उभी करून ठेवण्याची संवय. रोजच्या वापरास ऐंशी टक्क्यांपर्यंत भरणें पुरेसें असतें. लोह-फॉस्फेटच्या बॅटरींत मात्र विजेचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो, त्यामुळें आंत किती शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकूं लागतो. म्हणून कंपनी सांगेल त्या अवधीनें ती एकदां पूर्ण भरावी. गाडी उन्हांत उभी करण्यापेक्षां दारांतल्या लिंबाच्या सावलींत उभी करणें, हाही बॅटरीचा विमाच आहे, आणि त्याला हप्ता लागत नाहीं.

तिसरा विचार मुलीनें सुचविलेल्या मार्गाचा, म्हणजे जुन्या गाडीचें रूपांतर. ही कल्पना मनाला लोभविणारी आहे, आणि सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. गाडीचा सांगाडा पुन्हा घडवावा लागत नाहीं, ओळखीची वस्तु घरांत राहते. परंतु त्यांत काय काय करावें लागतें हें समजून घेतलें पाहिजे. इंजिन, पेट्रोलची टाकी, धुराची नळी हीं निघतात. त्या जागीं मोटार, तिचें नियंत्रण करणारें यंत्र व बॅटरी येते. ब्रेक दाबण्यास साहाय्य करणारी निर्वात शक्ति इंजिनापासून मिळत असे. इंजिन गेलें म्हणजे तिच्यासाठीं विजेचा वेगळा पंप लागतो. हवा थंड करणारा काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. तोही विजेचा बसवावा लागतो. दिवे, भोंगा, कांचेवरील पाणी पुसणारे दांडे बारा व्होल्टांवर चालतात. मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून तेवढाच देणारें यंत्र लागतें. शिवाय वजनाची मांडणी बदलते. पुढचें इंजिन जाऊन मागच्या बाजूस बॅटरी आली, तर वळणावर व ब्रेक लावतांना गाडी पूर्वींसारखी वागत नाहीं.

येथें एका मोहापासून सावध राहावें. विजेच्या रिक्षांना शिशाची बॅटरी लावलेली अनेकांनीं पाहिली आहे, व ती स्वस्त असते. "हीच तुमच्या गाडीला बसवून देतों," असें सांगणारा कारागीर भेटूं शकतो. त्याला त्रैराशिक मांडून दाखवावें. शिशाच्या बॅटरींत एका किलोग्रॅमला सुमारे ३५ वॅट-तास वीज मावते. चोवीस युनिटें, म्हणजे २४,००० वॅट-तास, सांठविण्यास जवळजवळ ७०० किलोग्रॅम शिसें-आम्ल वाहावें लागेल. हें दहा माणसांचें वजन झालें. चार-पांच माणसांसाठीं बांधलेल्या लहान गाडीच्या स्प्रिंगा व ब्रेक तें पेलणार नाहींत. वजन आवरावें म्हणून बॅटरी लहान केली, तर गाडी गांवाबाहेर पडण्याच्या कामाची राहत नाहीं.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदलेल्या गाडींत मालकास मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं. विजेचा संच त्या जातीच्या गाडीसाठीं ए.आय.एस. १२३ या मानकाप्रमाणें तपासून मान्य झालेला असावा लागतो. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकीं १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख आहे. संच मान्यताप्राप्त जागींच बसवून घ्यावा, परिवहन कार्यालयाच्या नोंदींत इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा, आणि विमा कंपनीला लेखी कळवावें. यांतील एक कडी जरी निसटली, तरी अपघाताच्या वेळीं विम्याचा आधार जाण्याचा धोका आहे. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. २०१० सालीं पुण्याच्या के.पी.आय.टी. कमिन्स व भारत फोर्ज या मातब्बर कंपन्यांनीं 'रिव्होलो' नांवाचा संच जाहीर केला. चालू पेट्रोल गाडीला तो बसवावा, इंजिन ठेवूनच विजेचें साहाय्य घ्यावें, अशी ती योजना होती. ती घरोघर पोंचली नाहीं. ज्यांच्यापाशीं शास्त्रज्ञ, कारखाना व भांडवल होतें त्यांना जें अवघड गेलें, तें गल्लींतल्या शेडमध्यें चुटकीसरशीं होईल असें मानूं नये.

आतां पैशाचा हिशेब. शिक्षिकाबाईंची शाळा व घरचीं इतर कामें मिळून महिन्याला १,८०० किलोमीटर होतात असें धरावें. जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते. म्हणजे १२० लिटर, आणि लिटरला शंभर रुपये धरले तर १२,००० रुपये. विजेची लहान गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर युनिटाला साडेसहा किलोमीटर चालली, व भरतांना दहावा हिस्सा वायां गेला, तर सुमारे ३०५ युनिटें लागतील. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० व ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत, आणि गाडीचीं युनिटें घरच्या युनिटांवर रचलीं जाऊन वरच्या पायरीला पोंचतात. म्हणून युनिट पंधरा रुपयांस पडेल असें सावधपणें धरावें. खर्च ४,५७५ रुपये; बचत ७,४२५; वर्षाला ८९,१००.

हेंच कुटुंब बदलीपूर्वीं महिन्याला ७५० किलोमीटर फिरत असतें, तर याच रीतीनें बचत वर्षाला सुमारे ३७,००० रुपयेच झाली असती, आणि मग नवी गाडी घेण्याची घाई करण्याचें कारण नव्हतें. विजेची गाडी उभी राहून पैसे वांचवीत नाहीं. ती जितकी अधिक चालेल तितकी परवडते. पेट्रोलच्या गाडीला हा न्याय उलटा लागतो.

रूपांतराचा खर्च चार लाख झाला, तर वरील बचतीनें तो साडेचार वर्षांत निघेल. हें वाईट नाहीं. परंतु तेव्हां ती गाडी साडेसोळा वर्षांची झालेली असेल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत असते. पुढें ती तपासणीनंतर पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. मोटार नवी, बॅटरी नवी, पण पत्रा, दारें, चाकांच्या जोडण्या जुन्याच. सांगाडा निकोप असेल, मान्य संच मिळत असेल, रोजची धांव मोठी असेल आणि वाट जवळची असेल, तरच रूपांतर करावें. मुर्रीच्या घरांत आणखी एक अडचण आहे, आणि तीच निर्णायक आहे: जुन्या गाडीचें इंजिन काढलें कीं, अपरात्रीं नागपूर गांठूं शकणारी घरांतली एकुलती एक गाडी नाहींशी होते. आजोबांच्या गाडीवरील माया खरी असेल, तर तिला आहे तशीच राहूं द्यावी.

बॅटरी विकत न घेतां भाड्यानें घेण्याचा एक नवा मार्गही निघाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें एम.जी. कंपनीनें आपली विंडसर ही गाडी बॅटरीवांचून ९.९९ लाखांस व बॅटरी किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्यानें, अशी जाहीर केली. प्रारंभींची रक्कम उतरते हें खरें. परंतु त्या दरानें १,८०० किलोमीटरांचें भाडें ६,३०० रुपये होतें. वर काढलेल्या ७,४२५ रुपयांच्या बचतींतून मग अवघे १,१२५ उरतात. ज्याची धांव थोडी व ज्याच्यापाशीं रोख कमी, त्याला हा मार्ग सोयीचा. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याला तो हळूहळू पोखरतो. वापरलेली गाडी घ्यावयाची असल्यास किलोमीटरांच्या आंकड्याइतकेंच बॅटरीच्या प्रकृतीचें प्रमाणपत्र महत्त्वाचें. बहुतेक कंपन्या बॅटरीची हमी आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. ती दुसऱ्या मालकास लागू होते काय, हें कागदावर वाचूनच ठरवावें.

घरच्या विजेकडेही पाहावयास हवें. पंधरा अँपियरचा साधा प्लग २३० व्होल्टांवर फार तर ३,४५० वॅट देतो. तासाला तीन युनिटें भरलीं असें धरावें. साठ किलोमीटरांना भरण्याचा ऱ्हास धरून दहा युनिटें लागतात; म्हणजे साडेतीन तास. रात्रीं दहाला लावलेली गाडी दीड-दोनला तयार असते; तिला विशेष यंत्राची गरज नाहीं. गरज आहे ती जाड तारेची, स्वतंत्र फ्यूजची, आणि जमिनींत नीट गाडलेल्या अर्थिंगची. जुन्या घरांतली तार पंखा-दिव्यांसाठीं टाकलेली असते. तिच्यावर तासन्‌तास हा भार घालणें म्हणजे भिंतींत निखारा ठेवणें. परवानाधारक तारतंत्र्याकडून ती तपासून घ्यावी, व मंजूर भार कमी असल्यास वाढवून घ्यावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणें गाडीसाठीं स्वतंत्र जोडणीही मागतां येते.

विजेची गाडी घेतली म्हणजे धूर संपला, असेंही समजूं नये. तिरोड्याचें ३,३०० मेगावॅटचें वीजकेंद्र याच गोंदिया जिल्ह्यांत आहे, आणि तें कोळशावर चालतें. बाई ज्या दिशेला शाळेस जातात त्याच दिशेला त्यांच्या गाडीचा धूर आकाशांत चढतो, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. तथापि मोटार मिळालेल्या विजेचा फार मोठा भाग चाकांपर्यंत पोंचविते, आणि पेट्रोलच्या इंजिनांत बहुतेक उष्णता वायां जाते. शिवाय शाळेच्या फाटकाशीं, मुलांच्या नाकाशीं, धूर येत नाहीं. ज्याला आणखी पुढें जावयाचें असेल त्यानें छपरावर सूर्यशक्तीच्या तावदानांचा विचार करावा. तीन किलोवॅटच्या संचापासून दिवसाला सरासरी बारा युनिटें मिळतात, व २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत त्याला ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें आहे. गाडी दिवसा बाहेर व सूर्यही दिवसाच. म्हणून दिवसा वीज महावितरणास द्यावी व रात्रीं परत घ्यावी, अशी मीटरची व्यवस्था मागावी लागते.

मग मुर्रीच्या त्या घरानें काय करावें? आठ लाखांच्या आसपासची लहान बॅटरीची नवी गाडी घ्यावी; चार लाख ठेवींतून, चार लाख कर्ज. नऊ टक्के व्याजानें पांच वर्षांचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये बसतो, आणि त्यांतले ७,४२५ पेट्रोलच्या बचतींतूनच येतात. नव्या गाडीचा विमा अधिक लागेल हें विसरूं नये. घर थोडें आवळून चालेल, पण मोडणार नाहीं. मोठी बॅटरी घेतली असती तर मुलीच्या चार लाखांना हात लागला असता, आणि तो महिन्यांतून एका दिवसाच्या प्रवासासाठीं. त्या दिवसासाठीं गोंदियाहून आगगाडी आहे, आणि ठरलेल्या वेळीं डॉक्टरांकडे जाणाऱ्या वृद्ध स्त्रीला ती रस्त्यापेक्षां सुखाचीही आहे. जुनी गाडी नोंदणी संपेपर्यंत दाराशीं असावी. आठवड्यांतून एकदां फिरवावी, टाकींत पेट्रोल ठेवावें.

आणि आईच्या प्रश्नाचें उत्तर? अपरात्रीं दुखणें उठल्यास पहिली धांव नागपुराकडे नव्हेच. ती गोंदियाच्या रुग्णालयाकडे. तेथें २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढी वाट लहान बॅटरीची गाडी, ती वीस टक्क्यांवर आली असली तरी, निश्चित काढील. तेथून पुढें जावें लागलें, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि तीही वेळेवर न आली तर आजोबांची गाडी आहे. घरोघर आंकडे निराळे निघतील. कोणाला मोठीच बॅटरी लागेल, कोणाला अजून पेट्रोलच बरें पडेल. परंतु रोजचें अंतर, दूरचें अंतर, महिन्याचीं किलोमीटरें आणि ठेवींतला मोकळा पैसा, हे चार आंकडे एका कागदावर लिहून तो कागद खिशांत घालून मगच दुकानाची पायरी चढावी. विक्रेता रंग विचारूं लागला, म्हणजे तो कागद त्याच्यापुढें ठेवावा.